कीर्तिमंदिराबाहेरचा वादक : रोरी गॅलाहर

अमेरिकेतील ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड नावाचे शहर आहे. तेथे काचेच्या पिरॅमिडसारखी दिसणारी एक इमारत १९९५ साली उघडली गेली. तिचे नाव ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’. आपण तिला रॉक संगीताचे कीर्तिमंदिर म्हणू. इमारत नंतरची असली तरी संस्था १९८३ सालची, आणि १९८६ पासून दरवर्षी काही गायक-वादकांना तेथे मानाने प्रवेश दिला जातो. नियम तसा सोपा आहे. कलावंताची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात येऊन पंचवीस वर्षे झाली की तो पात्र होतो. पुढचे सारे मतदारांच्या पसंतीवर.

२०२५ पर्यंतच्या याद्या पाहिल्या तर त्यांत मोठमोठी नावे आहेत. काही नावे पाहून भुवया उंचावतात, पण तो वाद येथे नको. मला त्या याद्यांत न सापडलेल्या एका नावाविषयी लिहायचे आहे. ते नाव म्हणजे रोरी गॅलाहर. (इंग्रजी स्पेलिंगमध्ये या आडनावात दुसरा ‘ग’ दिसतो; आयर्लंडमध्ये तो उच्चारत नाहीत.) आपल्याकडे रॉक ऐकणाऱ्यांनाही हे नाव चटकन आठवत नाही. ज्यांना गिटार हातात धरता येते त्यांना मात्र ते नक्की ठाऊक असते, आणि यातच त्याच्या आयुष्याची अर्धी हकीकत आली.

रोरीचा जन्म २ मार्च १९४८ रोजी आयर्लंडच्या डॉनेगॉल परगण्यातील बॅलिशॅनन या लहानशा गावी झाला. ज्या रुग्णालयात तो जन्मला त्याचे नाव ‘रॉक हॉस्पिटल’. हा निव्वळ योगायोग, पण चरित्रकारांना तो सोडवत नाही आणि मलाही सोडवला नाही. वडील वीज मंडळात होते. अर्न नदीवरील जलविद्युत प्रकल्पाचे काम त्या वेळी चालू होते. नोकरी संपली की ते अकॉर्डियन घेऊन गावच्या नाचांच्या वाद्यवृंदात वाजवीत. आई गात असे, नाटकात कामे करीत असे. पुढे कुटुंब डेरीला गेले, तेथे धाकटा भाऊ डोनल जन्मला, आणि १९५६ साली आई दोन्ही मुलांना घेऊन दक्षिणेला कॉर्क शहरी, आपल्या माहेरी आली. तेथे आईच्या घरच्यांचे मद्यगृह होते आणि त्याच्या वरच्या मजल्यावर ही मंडळी राहू लागली.

मुलाचा खरा गुरू म्हणजे घरातला रेडिओ. रेडिओ लक्झेंबर्ग आणि अमेरिकन सैनिकांसाठी चालणारे केंद्र, ही दोन स्टेशने रात्री ऐकू येत. त्यांतून लॉनी डोनेगनची गाणी कानी पडली. ही गाणी मुळात कोणाची, हे शोधीत तो लेडबेलीपर्यंत, मडी वॉटर्सपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतापर्यंत पोचला. नवव्या वर्षी त्याला पहिली गिटार मिळाली. शिकवणारे कोणी नव्हते. पुस्तके उघडून आणि रेडिओला कान लावून तो शिकला. बाराव्या वर्षी त्याने एक स्पर्धा जिंकली.

आता १९६३ सालाकडे येऊ, कारण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या चरित्रातील सर्वांत रोचक नोंद तेथे सापडते. कॉर्कमध्ये क्राउली यांचे वाद्यांचे दुकान होते. त्या दुकानात एक वापरलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार विक्रीला आली. १९६१ ची बनावट, रंग कडेला काळसर आणि मध्ये पिवळसर. ती मूळची दुसऱ्या एका वादकाने मागवली होती. त्याला हवी होती लाल. आली भलत्याच रंगाची. लाल मिळेपर्यंत त्याने ती वापरली आणि मग दुकानात परत आणून दिली. किंमत सुमारे १०० पौंड. पंधरा वर्षांच्या मुलाला ही रक्कम म्हणजे डोंगर. दुकानदाराने ती हप्त्यांवर दिली. कर्जाचे नाव काढताच आई धास्तावली. तेव्हा मुलाने हिशेब मांडला असे सांगतात : या गिटारीवर सुरांची साथ आणि मुख्य वादन दोन्ही एकट्यालाच करता येईल, दुसरा गिटारवादक लागणार नाही, त्याचा वाटा वाचेल आणि हप्ते लवकर फिटतील. आमच्या अभ्यासक्रमात भांडवली खर्चाचे समर्थन कसे करावे यावर एक प्रकरण आहे. त्यातही इतके नेटके उदाहरण नाही.

हप्ते फेडायचे तर काम हवे. त्या काळी आयर्लंडमध्ये ‘शोबँड’ नावाचा प्रकार जोरात होता. आपल्याकडे उत्सवाच्या मांडवात जसा ऑर्केस्ट्रा येतो आणि गाजलेली सिनेगीते जशीच्या तशी वाजवून दाखवतो, तसेच हे. एकसारखे कोट घालायचे, नाचघरात उभे राहायचे आणि त्या आठवड्यात खपणारी गाणी वाजवायची. रोरी फोंटाना नावाच्या शोबँडमध्ये शिरला. तेच पुढे ‘इंपॅक्ट’ झाले. या नोकरीने त्याला दोन गोष्टी दिल्या : दररोज तासन्तास उभे राहून वाजवण्याची सवय, आणि दुसऱ्याची गाणी हुकुमाबरहुकूम वाजवण्याचा कायमचा कंटाळा. नंतर त्याने एक त्रिकूट घेऊन जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबांत वाजवले आणि १९६६ साली कॉर्कला ‘टेस्ट’ हा स्वतःचा संच काढला.

१९६७ मध्ये डब्लिनला एका गाडीतून ती गिटार चोरीला गेली. पोलिसांच्या तपासाची माहिती देणाऱ्या दूरदर्शन कार्यक्रमातही तिची बातमी आली. काही दिवसांनी ती एका खड्ड्यात सापडली. पावसात भिजलेली, रंग सोललेला. त्यानंतर त्याने तिला पुन्हा रंग दिला नाही. त्याच्या घामाने उरलासुरला रंगही वर्षानुवर्षे उडत गेला, इतका की शेवटी आतले लाकूडच दिसू लागले. हेच रूप पुढे इतके प्रसिद्ध झाले की फेंडर कंपनीने त्याच्या मृत्यूनंतर तशाच झिजलेल्या गिटारी नव्याने बनवून विकायला काढल्या. नवी वस्तू मुद्दाम जुनी करून जास्त दराने विकायची, म्हणजे घसाऱ्याचा उलटा हिशेब.

‘टेस्ट’ १९६८ साली लंडनला आला. संचात आता दोन नवे वादक होते, दोघेही उत्तर आयर्लंडचे. नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘क्रीम’ या नामांकित संचाचा निरोपाचा कार्यक्रम रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, त्याच्या आधी वाजवण्याची संधी ‘टेस्ट’ला मिळाली. पहिली लाँगप्ले १९६९ साली निघाली. ऑगस्ट १९७० मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावरील प्रचंड महोत्सवात हे तिघे उभे राहिले. लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा परत बोलावले. गंमत अशी की व्यासपीठावर एका श्वासाने वाजवणारे हे तिघे त्या वेळी खाली एकमेकांशी धड बोलतही नव्हते. व्यवस्थापन, करार आणि पैसा यांवरून बिनसले होते. वर्ष संपता संपता संच मोडला. रोरी बावीस वर्षांचा होता.

याच महोत्सवात जिमी हेंड्रिक्सही वाजवून गेला आणि तीन आठवड्यांतच वारला. हेंड्रिक्सला कोणीतरी जगातील सर्वश्रेष्ठ गिटारवादक म्हटले, तेव्हा त्याने रोरीकडे बोट दाखवले, अशी एक आख्यायिका रोरीचे चाहते फार आवडीने सांगतात. ती कोठे छापलेली किंवा ध्वनिमुद्रित झालेली सापडत नाही. आमच्या हिशेबशास्त्रात व्हाउचर नसलेली नोंद खात्यावर चढवीत नाहीत. रोरीचे खाते तिच्याशिवायही भक्कम आहे.

१९७१ पासून तो स्वतःच्या नावाने वाजवू लागला. बेलफास्टचा गेरी मॅकअव्हॉय बास गिटारवर आला आणि वीस वर्षे राहिला. भाऊ डोनल सारी व्यवस्था पाहू लागला. १९७१ मध्ये दोन लाँगप्ले, १९७२ मध्ये युरोपच्या दौऱ्यावरील थेट मुद्रणाची एक, १९७३ मध्ये पुन्हा दोन. १९७२ साली त्याला सर्वश्रेष्ठ आंतरराष्ट्रीय गिटारवादकाचा सन्मान मिळाला. ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला एरिक क्लॅप्टनच्याही वर बसवले होते. ज्या मडी वॉटर्सला तो मुलगा असताना रेडिओवर ऐकत असे, त्याच्या लंडनमधील ध्वनिमुद्रणात रोरी साथीला बसला. त्या सत्राच्या तबकडीवरचे त्याचे वादन ऐकले तर ध्यानात येते की तो कोठेही पुढे घुसत नाही. गुरूसमोर बसावे तसा बसतो.

व्यासपीठावर त्याचा पोशाख एकच : चौकटीचा साधा सुती शर्ट आणि निळी जीन पँट. इतर तारे चमचमते कपडे घालून, चेहरे रंगवून येत, तेव्हा हा माणूस सुताराच्या कामाला निघाल्यासारखा येई. दोन-दोन, तीन-तीन तास वाजवी. गिटारबरोबर मँडोलिन आणि माउथ ऑर्गन वाजवी, एके काळी सॅक्सोफोनही शिकला होता. आणि एक हट्ट असा की छोटी, एका गाण्याची तबकडी काढायला तो राजी नसे. रेडिओवर वाजायचे, यादीत चढायचे तर तेव्हा त्याच तबकड्या लागत. व्यवसायाच्या दृष्टीने हा शुद्ध तोटा होता. अमेरिकेत तो पुन्हा पुन्हा दौऱ्यावर गेला, पण तेथील खपाच्या यादीत त्याची लाँगप्ले वरच्या क्रमांकांत कधी शिरली नाही.

त्याचा आवाज कसा निर्माण होई हे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. गिटार आणि व्हॉक्स कंपनीचा एसी-३० हा ध्वनिवर्धक यांच्यामध्ये तो ‘रेंजमास्टर’ नावाची लहानशी पेटी जोडी. ती वरच्या पट्टीतले सूर वाढवून पुढे ढकली. ध्वनिवर्धकाच्या व्हॉल्व्हना तेवढा जोर पेलत नसे, मग ते सूर किंचित फाटत, आणि त्या फाटण्यातून उष्ण, मानवी गळ्यासारखा आवाज निघे. लंडनच्या मार्की क्लबमध्ये एक महाविद्यालयीन विद्यार्थी त्याचे वादन ऐकायला जाई. एका रात्री कार्यक्रम संपल्यावर त्याने रोरीला गाठून हे कसे करतोस म्हणून विचारले. रोरीने न लपवता सारे सांगितले. त्या विद्यार्थ्याने तशीच पेटी आणि तसाच ध्वनिवर्धक मिळवला आणि आयुष्यभर तीच जोडणी ठेवली. त्याचे नाव ब्रायन मे, ‘क्वीन’ या संचाचा गिटारवादक. याच संचाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता. ‘क्वीन’ला २००१ साली कीर्तिमंदिरात प्रवेश मिळाला. ज्याने आवाजाची किल्ली दिली तो बाहेर, आणि ज्याला दिली तो आत. स्वतः मे यांनी हे ऋण जाहीरपणे मान्य केलेले आहे.

आता बेलफास्टविषयी. माझ्या मते रोरीच्या मोठेपणाचा खरा पुरावा येथे आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या करारापर्यंत उत्तर आयर्लंड आतल्या आत जळत होते. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, आयर्लंडमध्ये जाऊ पाहणारे आणि ब्रिटनमध्ये राहू पाहणारे, अशा दोन फळ्या. बाँब, गोळीबार, रस्त्यांवर सैनिक. साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. सीमेवरच्या गावात वाढलेल्या आम्हा मुलांना एका गावातले दोन गट म्हणजे काय ते थोडेफार कळते. पण तेथली गोष्ट फार वेगळी आणि फार रक्ताची होती. संध्याकाळी बेलफास्टचा मध्यभाग ओस पडे. बाहेरचे संच तेथे यायचे बंद झाले. ३१ जुलै १९७५ च्या पहाटे ‘मायामी शोबँड’ हा दक्षिणेतील लोकप्रिय संच कार्यक्रम करून डब्लिनला परतत होता. सैनिकी गणवेश घातलेल्या लोकांनी त्यांची गाडी अडवली आणि तिघा वादकांना ठार मारले. ते आले होते प्रॉटेस्टंट पक्षाच्या सशस्त्र गटाकडून. रोरीने उमेदवारी केली ती अशाच शोबँडमध्ये. तो आडरस्ता, ती गाडी, ते रात्री उशिरा परतणे, हे सारे त्याच्या रोजच्या जीवनातले होते.

तरीही तो येत राहिला. त्या वर्षांत निदान वर्षाकाठी एकदा उत्तरेत वाजवायचेच, असा त्याचा नेम होता. जानेवारी १९७४ मध्ये त्याने बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क असा दौरा केला. त्यावर टोनी पामर यांनी चित्रपट काढला आणि त्याच दौऱ्याच्या नावाची लाँगप्लेही निघाली. बेलफास्टचा अल्स्टर हॉल भरला. दाराशी झडती देऊन दोन्ही वस्त्यांतील पोरे आत आली आणि एकाच छपराखाली उभी राहिली. रोरी स्वतः दक्षिणेत वाढलेला कॅथलिक. त्याने व्यासपीठावरून राजकारणाचे भाषण केले नाही, कोणाचा झेंडा धरला नाही. त्याच्या सोबतचे मॅकअव्हॉय आणि पियानोवादक लू मार्टिन हे दोघेही जन्माने बेलफास्टचे. संगीताने दंगे थांबले असे मी म्हणणार नाही. ते थांबले नाहीत, आणखी चोवीस वर्षे चालले. पण ज्या शहराकडे सगळ्यांनी पाठ फिरवली त्या शहरात ठरल्या तारखेला गिटार घेऊन उभे राहणे हीही एक किंमत मोजणे आहे, आणि ती खपाच्या यादीत कोठे दिसत नाही.

त्याच सुमारास, डिसेंबर १९७४ मध्ये, ‘रोलिंग स्टोन्स’मधून मिक टेलर हा गिटारवादक बाहेर पडला. जागा रिकामी झाली. रोरीला बोलावणे आले. जानेवारी १९७५ मध्ये तो रॉटरडॅमला गेला आणि काही रात्री त्यांच्याबरोबर वाजवला. पक्के काही ठरेना. इकडे त्याचा जपानचा दौरा आधीच जाहीर झालेला. दिलेला शब्द मोडून थांबायचे की निघायचे? तो निघाला. ती जागा पुढे रॉन वुडला मिळाली. १९८९ साली ‘रोलिंग स्टोन्स’ कीर्तिमंदिरात गेले तेव्हा टेलर आणि वुड दोघांचीही नावे त्यात होती. म्हणजे ती खुर्ची पकडली असती तर रोरीचाही प्रवेश तेव्हाच झाला असता. मला तरी तो जपानला गेला हे योग्यच वाटते. दोन नायकांच्या त्या संचात तो तिसरा होऊन गुदमरला असता.

त्याच्या सगळ्याच नकारांची वाहवा करावी असे मात्र नाही. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने एक पूर्ण लाँगप्ले मुद्रित केली. महिनोन्‌महिने काम झाले, पैसा ओतला गेला, आणि शेवटच्या घटकेला मनासारखे उतरले नाही म्हणून त्याने ती रद्द केली. संचातले दोघे त्यानंतर निघून गेले. रोरीने युरोपात परतून १९७८ साली निराळी लाँगप्ले काढली. ती रद्द झालेली मुद्रणे त्याच्या मृत्यूनंतर, २०११ साली प्रसिद्ध झाली. ऐकून पाहिल्यास ती वाईट नाहीत. स्वतःच्या कामाबद्दलचा असमाधानीपणा एका मर्यादेपर्यंत गुण असतो. पुढे तो माणसाला खातो. रोरीला त्याने खाल्ले असे त्याची नंतरची वर्षे पाहून वाटते. १९८२ ची लाँगप्ले आणि नंतरची १९८७ ची, यांत पाच वर्षांचे अंतर पडले. शेवटची १९९० ला आली. त्याने लग्न केले नाही. घर म्हणावे तर हॉटेलच्या खोल्या. विमानप्रवासाची भीती बसली, तिच्यासाठी औषधे सुरू झाली, मद्य होतेच. दोन्हींनी मिळून यकृत निकामी केले. जानेवारी १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला, तोही आजारीपणातच. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वीही झाली, पण रुग्णालयातच जंतुसंसर्ग होऊन १४ जून १९९५ रोजी तो गेला. वय ४७. कॉर्कजवळ बॅलिनकॉलिग येथे त्याला पुरले. थडग्यावरचा दगड १९७२ च्या त्या सन्मानचिन्हाच्या आकाराचा आहे.

कीर्तिमंदिराच्या नियमाने तो १९९४ च्या आसपासच पात्र झाला होता. म्हणजे हा मान त्याला जिवंतपणीही मिळू शकला असता. त्याच्या विरुद्ध काय बोलता येईल हेही पाहू. तो अमेरिकेत फारसा खपला नाही, हे खरे. त्याने नवी शैली काढली नाही, ब्लूजचाच वारसा पुढे नेला, हेही बऱ्याच अंशी खरे. पण त्याच संस्थेने संगीतावरील प्रभावासाठी वेगळा मान ठेवलेला आहे. लिंक रे या गिटारवादकाला तो २०२३ साली, मृत्यूनंतर अठरा वर्षांनी मिळाला. वॉरन झीव्हॉन यांना २०२५ साली, बावीस वर्षांनी. प्रभाव हीच कसोटी असेल तर ब्रायन मे यांच्यासारखी साक्ष आणखी कोणाच्या बाजूने आहे? आणि खप हीच कसोटी असेल तर तिला कीर्ती म्हणू नये. जमाखर्चात तिच्यासाठी ‘विक्री खाते’ असे वेगळे खाते असते.

त्या गिटारीचे काय झाले ते सांगायचे राहिले. ती भावाने जपून ठेवली होती. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी लंडनमध्ये बोनहॅम्स या लिलावगृहात तिचा लिलाव झाला. शुल्कासह किंमत आली ८,८९,४०० पौंड. मी सहज हिशेब करून पाहिला. १०० पौंडांचे ६१ वर्षांत इतके व्हायला दरसाल दर शेकडा सुमारे १६ चक्रवाढ व्याज पडते. परदेशी धनिकाच्या तिजोरीत ती जाईल अशी भीती आयर्लंडमध्ये अनेकांना वाटत होती. पण विकत घेणारी संस्था कार्यक्रमांच्या व्यवसायातली आणि आयर्लंडचीच निघाली. तिने ती डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली.

बॅलिशॅनन येथे रोरीचा पुतळा २०१० सालीच बसला होता. कॉर्कमध्ये एका चौकाला, पॅरिसजवळच्या एका गावात रस्त्याला त्याचे नाव आहे. बेलफास्टने थोडा उशीर केला. ४ जानेवारी २०२५ रोजी अल्स्टर हॉलच्या बाहेर, जेथे झडती देऊन पोरे आत जात तेथेच, त्याच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळ्याच्या गळ्यात तीच गिटार आहे.